अनोळखी माणसाचा न्याय
(एका दहा मिनिटांच्या चित्रपटावरून पिर्के आबोथचा एक पाठ)

पेसाह आणि शाबुओथ यांच्या मधल्या शब्बाथांना दुपारच्या वेळी पिर्के आबोथचा एकेक अध्याय वाचण्याची चाल आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. पहिल्याच अध्यायात येहोशुआ बेन पेराह्या यांची शिकवण येते. गुरू करावा, मित्र जोडावा, एवढे सांगून झाल्यावर ते तिसरी गोष्ट सांगतात. ती अशी की, कोणाही माणसाचा न्याय करताना पारडे त्याच्या बाजूला झुकते ठेवावे. मूळ हिब्रू शब्द ‘लेखाफ झखूत’. ‘काफ’ म्हणजे तराजूचे पारडे, आणि ‘काफ’ म्हणजे हाताचा तळवाही. येथे इस्रायलमध्ये हे दोन शब्द बसमध्ये, कचेरीत, बाजारात सहज कानावर पडतात. कोणी उशिरा आला तर लोक म्हणतात, जाऊ द्या, लेखाफ झखूत. शब्द गुळगुळीत झाले म्हणजे त्यांतला अर्थ कोठे गेला हे पुन्हा शोधावे लागते, म्हणून आम्ही हा पाठ घेतला आहे.

यातील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. गुरू आणि मित्र ही माणसे आपण निवडतो. तिसऱ्या वाक्यात निवड नाही. तेथे ‘कोणीही माणूस’ आहे. रंबाम यांनी या मिश्नेवर लिहिताना फार व्यवहारी भेद केला आहे. जो माणूस सज्जन म्हणून सर्वांना माहीत आहे, त्याचे एखादे कृत्य वाईट दिसले तरी चांगला अर्थ शोधावा. जो दुर्जन म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे कृत्य चांगले दिसले तरी सावध असावे. मग ही शिकवण कोणासाठी? जो आपणास मुळीच माहीत नाही, आणि ज्याच्या कृत्याचा अर्थ दोन्हीकडे लागू शकतो, त्याच्यासाठी. म्हणजे हा सगळा पाठ खरे तर अनोळखी माणसाविषयीचा आहे.

नियम समजावयास सोपा, पाळावयास कठीण. तो का कठीण, हे पुष्कळ व्याख्यानांपेक्षा एका लहान चित्रपटात अधिक स्पष्ट दिसते. त्याचे नाव ‘द लंच डेट’, म्हणजे आधी ठरवून दोघांनी दुपारच्या जेवणाला भेटणे. १९८९ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चित्रपटकला शिकणाऱ्या ॲडम डेव्हिडसन या विद्यार्थ्याने तो केला. चित्रपट कृष्णधवल आहे आणि संभाषण इतके थोडे आहे की इंग्रजी न येणाऱ्यासही तो समजेल. १९९० साली त्यास कान येथील महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च मान मिळाला, १९९१ साली ऑस्कर मिळाले, आणि २०१३ साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या आपल्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद केली. एका विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांच्या कामास हे थोडे झाले नाही. ज्यांना चित्रपट आधी पाहावयाचा असेल त्यांनी येथेच थांबावे आणि तो पाहून मग पुढे वाचावे. कारण आता आम्ही कथा सांगणार आहोत आणि तिची गंमत एकदाच येते.

न्यू यॉर्कचे ग्रँड सेंट्रल हे मोठे रेल्वे स्टेशन. एक वयस्क गोरी बाई, चांगल्या कपड्यांत, हातात खरेदीच्या पिशव्या, गाडी पकडण्याच्या घाईत आहे. गर्दीत तिची एका कृष्णवर्णीय माणसाशी टक्कर होते, पर्समधल्या वस्तू खाली पडतात. तो मदतीला वाकतो, पण त्याची मदत तिला नको आहे. या गडबडीत गाडी चुकते. पुढल्या गाडीस वेळ आहे म्हणून ती स्टेशनातल्या साध्या उपाहारगृहात जाते, एक सॅलड घेते, आणि बसावयास जागा पाहते. तेथे उंच पाठीची समोरासमोर दोन बाके, मध्ये टेबल, अशा बैठकांची ओळ आहे. सगळ्या बैठका एकसारख्या. ती पिशव्या बाकावर ठेवते, ताट टेबलावर ठेवते. मग लक्षात येते की काटा आणावयाचा राहिला. ती उठते, काटा घेऊन परत येते, तर बाकावर एक कृष्णवर्णीय माणूस बसला आहे. कपडे जुने, बेघर वाटावा असा. आणि तो सॅलड खात आहे.

ती सांगते की हे माझे सॅलड आहे. तो ताट सोडत नाही. ओढाताण होते. शेवटी ती समोर बसते आणि आपला काटा त्याच ताटात घालून खाऊ लागते. तो पाहतो. ती पुन्हा एक घास घेते. तो काही बोलत नाही. अशा रीतीने ती दोघे एका ताटातले जेवण संपवतात. मग तो उठतो. आपणास वाटते, गेला. तो जातो काउंटरकडे आणि दोन कप कॉफी घेऊन येतो, एक तिच्यापुढे ठेवतो, साखरही पुढे करतो. बाईचा चेहरा थोडा सैल होतो. गाडीची वेळ झाल्यावर ती निघते. थोडे अंतर गेल्यावर आठवते की पिशव्या राहिल्या. धावत परत येते. बैठक रिकामी आहे. माणूस नाही, पिशव्याही नाहीत. ती येरझाऱ्या घालते, इकडेतिकडे पाहते, आणि तेव्हा तिला पलीकडची बैठक दिसते. तेथे टेबलावर तिचे सॅलड आहे, हात न लावलेले. बाकावर तिच्या पिशव्या आहेत.

ती हसते, पिशव्या उचलते आणि गाडी पकडावयास जाते.

अशीच एक कथा बिस्किटांच्या पुड्याची आहे. इंग्रज लेखक डग्लस ॲडम्स यांनी १९८४ सालच्या आपल्या एका पुस्तकात ती एका रेल्वे स्टेशनावर घडवली आहे, आणि निरनिराळ्या देशांत लोक ती आपल्या ओळखीच्या कोणावर तरी गुदरली म्हणून सांगतात. तेव्हा कल्पना अगदी नवी होती असे नाही. पण त्या कथेत गंमत एवढीच असते की चोर समजलेला माणूस चोर नव्हता. डेव्हिडसन यांनी त्यात गरिबी घातली, कातडीचा रंग घातला, आणि गमतीची गोष्ट परीक्षेची झाली.

परीक्षा कोणाची? त्या बाईची, असे पाहणारा प्रथम म्हणतो. जरा मागे जाऊन पाहावे. चित्रपट कोठेही खोटे बोलत नाही. बैठकांची ओळ आपणास दाखवलेली आहे, त्या एकसारख्या आहेत हेही दिसते आहे. ती काटा घेऊन परत आली तेव्हा तिच्या पिशव्या त्या बाकावर आहेत का, हे आपण पाहू शकलो असतो. आपण पाहिले नाही. आपण माणसाकडे पाहिले, त्याच्या कपड्यांकडे पाहिले, आणि आपल्या मनात निकाल लागला. कॉफी आली तेव्हासुद्धा आपण तो निकाल बदलला नाही, त्यास फक्त एक शेपूट जोडले: चोर आहे, पण मनाचा चांगला दिसतो. पिशव्या नाहीशा झाल्या तेव्हा तेही शेपूट गळून पडले. ही चलाखी कॅमेऱ्याची नव्हे. कॅमेरा बाईच्या बाजूस बसला होता एवढेच, आणि आपण विचारले नाही की दुसऱ्या बाजूने काय दिसत असेल.

असा निकाल किती लवकर लागतो यावर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकाच वेळ दाखवली आणि विचारले, हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का. एवढ्या वेळात, डोळ्याचे पाते पुरते लवण्याआधी म्हणा ना, लोकांनी दिलेली उत्तरे आणि भरपूर वेळ घेऊन दिलेली उत्तरे बरीचशी सारखी निघाली. त्याहून महत्त्वाचे असे की, वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसे बदलले नाही; आपले मत बरोबर आहे ही खात्री मात्र वाढली. आम्ही इतकी वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो की नीट विचार करा, घाई करू नका. या प्रयोगावरून दिसते की नुसते थांबणे पुरेसे नाही. थांबून त्याच मताला टेकू देत बसले तर थांबण्याचा काय उपयोग?

आता हीच कथा बाकाच्या दुसऱ्या बाजूने सांगून पाहू. एक गरीब माणूस आपले सॅलड घेऊन बसला आहे. इतक्यात एक सुखवस्तू घरची वाटणारी बाई हातात काटा घेऊन येते आणि म्हणते, हे माझे आहे. तिचे नाव नाही माहीत, गाव नाही माहीत. ती समोर बसते आणि त्याच्या ताटात काटा घालते. त्याने काय समजावे? बाई वेडी आहे? लुबाडणारी आहे? गरीब माणसाचे ओढून घेतले तरी कोण विचारतो, असे मानणारी आहे? तो आरडाओरडा करू शकला असता. परंतु हेही ध्यानात घ्यावे की ओरडा झाला असता आणि शिपाई आला असता, तर त्याने त्या दोघांपैकी कोणाचे खरे मानले असते. ही गोष्ट त्या माणसास पुरती माहीत असणार. एवढे असूनही तो तिला खाऊ देतो, आणि स्वतः उठून तिच्यासाठी कॉफी आणतो. तिच्याविषयी त्याने काय ठरवले हे चित्रपट सांगत नाही. भुकेली असेल, दुःखात असेल, घरी बोलावयास कोणी नसेल. काहीतरी तो समजला. त्या टेबलावर येहोशुआ बेन पेराह्यांची मिश्ना पाळणारा एकच माणूस होता, आणि आपण त्यालाच चोर म्हणत होतो.

शेवटाकडेही तितकेच बारकाईने पाहिले पाहिजे. पुष्कळांस तो शेवट गोड वाटतो, कारण बाई हसते. आम्हांस तो कठीण वाटतो. तिला सत्य कळले तेव्हा माणूस तेथे नव्हता. तो स्टेशनातल्या हजारो माणसांत मिसळून गेला. त्याची क्षमा मागावयाची तर कोठे मागावी? मिश्नेच्या योमा प्रकरणात सांगितले आहे की, माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षमा योम किप्पूरने होते. पण माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा, ज्याचा अपराध झाला त्याची समजूत काढल्याशिवाय होत नाही. शेजाऱ्याबद्दल वाईट बोललो तर योम किप्पूरच्या आदल्या दिवशी त्याच्या दारी जाता येते. अनोळखी माणसाचे दार कोणते? ओळखीच्या माणसाचा चुकलेला न्याय दुरुस्त करण्यास आयुष्य पडलेले असते. अनोळखी माणसाच्या बाबतीत पुष्कळदा ती एकच वेळ असते.

दुरुस्ती झाली असे एक उदाहरण आपण दर रोश हशानाला ऐकतो. पहिल्या दिवसाच्या हफ्तारात हन्नाची कथा येते. शिलोच्या मंदिरात ती प्रार्थना करीत आहे. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराच्या चौकटीपाशी बसलेला एली याजक पाहतो आणि ठरवतो की ही बाई प्यालेली आहे. तो तिला तसे बोलूनही दाखवतो. एली काही सामान्य माणूस नव्हे. वयाने, मानाने, अनुभवाने मोठा. त्याने जे पाहिले ते खरे होते, ओठ हलतच होते. अर्थ चुकला. हन्ना गप्प राहिली असती तर कथा तेथेच संपली असती. ती नम्रपणे, पण स्पष्ट सांगते की मी प्यालेली नाही, दुःखाने देवापुढे मन मोकळे करीत आहे. एली ऐकतो आणि लगेच तिला आशीर्वाद देतो. तलमूदच्या बेराखोथ या भागात यावरून दोन्ही पक्षांस धडा घालून दिला आहे. ज्याच्यावर खोटा संशय आला त्याने गप्प न बसता खुलासा करावा. आणि ज्याने खोटा संशय घेतला त्याने समजूत तर काढावीच, शिवाय आशीर्वाद द्यावा. आणि आज आपण आमिदा ओठ हलवून, हलक्या आवाजात म्हणतो, ती पद्धतही रब्बींनी याच हन्नापासून घेतली. ज्या हालचालीवरून तिच्यावर दारूचा आळ आला, तीच प्रार्थनेची रीत ठरली.

पण पारडे झुकते ठेवावयाचे म्हणजे प्रत्यक्षात करावयाचे काय? याचे उत्तर तलमूदच्या शब्बाथ या भागातल्या एका मजुराच्या गोष्टीत आहे. वरच्या गालीलचा हा माणूस दक्षिणेतल्या एका मालकाकडे तीन वर्षे राबला. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी त्याने मजुरी मागितली, बायकापोरांकडे जावयाचे होते. मालक म्हणाला, पैसे नाहीत. मग धान्य द्या. नाही. जमीन द्या. नाही. गुरे द्या. तीही नाहीत. उशा-पांघरुणे तरी द्या. तीही नाहीत. मजूर आपले चंबूगबाळे पाठीवर टाकून खिन्न मनाने घरी गेला. सण झाल्यावर मालक स्वतः त्याच्या गावी आला, मजुरी घेऊन आणि वर तीन गाढवांवर खाणे, पिणे आणि मिठाई लादून. जेवणे झाल्यावर त्याने विचारले, मी पैसे नाहीत म्हणालो तेव्हा तुला माझ्याबद्दल काय वाटले? मजूर म्हणाला, मला वाटले, स्वस्त माल समोर आला असेल आणि त्यात पैसे गुंतले असतील. गुरे? कोणाला भाड्याने दिली असतील. जमीन? खंडाने दिली असेल. धान्य? अजून दशमांश काढावयाचा असेल. आणि पांघरुणे? सारी मालमत्ता देवाला वाहिली असेल. मालकाने शपथेवर सांगितले की अगदी तसेच होते. मुलगा तोरा शिकत नाही म्हणून रागाने त्याने सगळे देवाला वाहून टाकले होते आणि पुढे आपल्या सोबत्यांकडून तो नवस सोडवून घेतला होता.

या गोष्टीत मालकाचा प्रामाणिकपणा सर्वांना आवडतो. आम्ही मजुराच्या डोक्याकडे पाहण्यास सांगू. त्याने डोळे मिटून ‘असेल बुवा चांगला’ म्हटले नाही. प्रत्येक नकाराला त्याने एक वेगळे, घडू शकेल असे कारण शोधले. पाच नकार, पाच कारणे. हे मेहनतीचे काम आहे. प्रिन्स्टनच्या प्रयोगातल्या लोकांना वेळ मिळाला आणि त्यांनी आपलेच मत घट्ट केले. मजुराने तोच वेळ दुसरे कारण शोधण्यात घालवला. स्टेशनातल्या त्या बाईला पाच कारणांची गरज नव्हती. एक पुरे होते: मी चुकीच्या बैठकीत तर आले नाही ना? मान वळवली असती तर दिसले असते.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे ठीक, पण जग साधे नाही. बरोबर आहे. या देशात बसथांब्यावर बेवारशी पिशवी दिसली तर ती कोणाची तरी विसरली असेल असे म्हणून आपण पुढे जात नाही. पोलिसांना कळवतो, आणि तसेच केले पाहिजे. आपल्या रब्बींनाही हे ठाऊक होते. देरेख एरेत्स रब्बा या ग्रंथात रब्बी येहोशुआ यांची गोष्ट आहे. त्यांच्याकडे एक अनोळखी पाहुणा आला. त्यांनी त्याला जेवू घातले, प्यावयास दिले, निजण्यासाठी माळवदावर नेले, आणि खाली उतरून शिडी काढून घेतली. मध्यरात्री पाहुण्याने वरची भांडीकुंडी झग्यात गुंडाळली आणि उतरावयास गेला तो खाली पडला. सकाळी तो म्हणतो, रब्बी, शिडी काढल्याचे मला ठाऊक नव्हते. रब्बी म्हणाले, अरे मूर्खा, काल रात्रीपासूनच आम्ही तुझ्याविषयी सावध होतो हे तुला कळले नाही?

यावरून मान द्यावा पण संशयही ठेवावा, असे हिब्रूत बोलले जाते, आणि पुष्कळ जण त्यातला दुसराच भाग उचलतात. क्रम पाहावा. आधी जेवण, पाणी, अंथरूण, शिडी नंतर. रब्बींनी त्याला दारातून हाकलले नाही, त्याचे कपडे पाहून चार शब्द ऐकवले नाहीत. शिडी काढून घेतली ती गुपचूप. तो प्रामाणिक निघाला असता तर सकाळी शिडी परत लागली असती आणि त्याचा अपमान झाला नसता. सावधगिरी वस्तूंच्या बाबतीत घेता येते, माणसाची अप्रतिष्ठा न करता. संशय आणि सावधगिरी यांत हा फरक आहे.

आता आपल्या घरचे. बेने इस्रायल समाजास अनोळखी म्हणून पाहिले जाणे काय असते हे दुसऱ्याने सांगावयास नको. कोकणात आपले पूर्वज तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. त्या नावात द्वेष नव्हता. दिसले ते त्यांनी सांगितले. पण त्यात शनिवार होता, शब्बाथ नव्हता. नंतर दाविद राहाबी आले. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण कथा आपणां सर्वांस पाठ आहे. ते परके, ही माणसे मराठी बोलणारी, मराठी वेषातली. त्यांनी रूपावरून निर्णय दिला नाही. बायकांपुढे मासे ठेवले आणि रांधण्यास सांगितले. त्यांनी पंख व खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. जे डोळ्याला दिसत नव्हते ते हातांनी सांगितले. आम्हांस या कथेत नेहमी हे विशेष वाटत आले आहे की राहाबींनी परीक्षा घेतली, पण ती अशी घेतली की समोरच्याला स्वतःचे उत्तर देण्यास वाव राहिला.

सर्वांनी तसे केले नाही. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या विवाहासंबंधी ज्या सूचना काढल्या, त्यांत वंशाची चौकशी मागच्या पिढ्यांपर्यंत करावयाची होती. तो इतिहास ज्येष्ठ वाचकांनी स्वतः भोगला आहे. हन्नाप्रमाणेच आपले लोक गप्प राहिले नाहीत. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ज्या समाजाने हे सोसले त्याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद पिढ्यान् पिढ्या होता, आणि गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करू नये असा दंडक होता. सिनेगॉग एक, प्रार्थना एक, तरीही. पुढे इथियोपियाचे यहुदी बांधव १९८४-८५ साली आणि नंतर १९९१ साली या देशात आले. त्यांच्या यहुदीपणाबद्दलही तेच प्रश्न विचारले गेले, जे आपणास विचारले गेले होते. त्या वेळी जिन्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत त्यांच्याविषयी मराठीत काय बोलले गेले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. मराठी त्यांना कळत नव्हती. नातवंडांना कळत होती.

या विषयावर आणखी एक चित्रपट दाखवला जातो, तो जर्मनीतल्या पेपे डानक्वार्ट यांचा ‘श्वार्त्सफारर’. त्यास १९९४ साली ऑस्कर मिळाले. या शब्दाचा जर्मनमध्ये रूढ अर्थ विनातिकीट प्रवासी, आणि शब्दशः पाहिले तर काळा प्रवासी. बर्लिनच्या ट्राममध्ये एक म्हातारी शेजारी बसलेल्या कृष्णवर्णीय तरुणास सारखी घालूनपाडून बोलते. बाकीचे प्रवासी ऐकून न ऐकल्यासारखे करतात. तिकीट तपासनीस येतो तेव्हा तो तरुण तिचे तिकीट तोंडात टाकून खाऊन टाकतो. सगळे हसतात, आम्हीही हसलो. परंतु शिकवण्यासाठी आम्ही पहिलाच चित्रपट निवडू. बर्लिनची म्हातारी पहिल्या वाक्यापासून वाईट आहे, तिच्यावर हसताना आपण सुरक्षित असतो. न्यू यॉर्कची बाई वाईट नाही. ती दमलेली आहे, गाडी चुकली आहे, भूक लागली आहे. म्हणूनच ती आपल्यासारखी आहे.

शब्बाथखेरीज एखाद्या संध्याकाळी, सिनेगॉगच्या सभागृहात किंवा घरी पाचसात जण जमवून हा पाठ घेता येईल. वडीलधारी आणि तरुण मुले एकत्र असावीत. आमची सूचना अशी की, बाई पिशव्यांसाठी धावत परत येते आणि बैठक रिकामी दिसते, तेथे चित्रपट थांबवावा. प्रत्येकास कागदाचा तुकडा द्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत: पिशव्या कोठे गेल्या, आणि तो माणूस कसा आहे? उत्तर एकेका ओळीत लिहावे, शेजाऱ्यास दाखवू नये. मग उरलेला भाग दाखवावा. दिवे लावल्यावर चर्चा बाईपासून सुरू न करता त्या माणसापासून करावी: तिने ताटात काटा घातला तेव्हा त्याला काय वाटले असेल? मजुराप्रमाणे प्रत्येकाने एक कारण सांगावे, आणि आधी सांगितलेले कारण पुन्हा सांगू नये. लहान मुले यात मोठ्यांना मागे टाकतील. त्यानंतर शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय आणि ती मिश्ना वाचावी. चिठ्ठ्या गोळा करू नयेत, वाचून दाखवण्यासही सांगू नये. ज्याची चिठ्ठी त्याच्या खिशात राहू द्यावी.